कनेक्टची मुदत कुणी ठरवायची? सी भाषेत टीसीपी जोडणी उघडण्याची रीत

पायथन, जावा, गो यांच्या लायब्ररीत टीसीपी जोडणी, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनशी बोलण्याची वाट, उघडायला एक ओळ पुरते. त्या ओळीच्या खाली उतरून लिनक्सवर सी भाषेत तेच काम करायचं झालं, की पुस्तकातला नमुना असा दिसतो: सॉकेट (जोडणीचं आपल्या बाजूचं टोक) तयार करा, पत्ता भरा, कनेक्ट करा. तो चालतोही. आपल्या मशीनवर चालतो, ऑफिसच्या लॅनवर चालतो. मग एखाद्या दिवशी समोरचा सर्व्हर पॅकेट गिळून गप्प बसतो आणि आपला प्रोग्रॅम दोन मिनिटं जागचा हलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कनेक्ट हे एक फंक्शन म्हणून लिहूच नये. ते सुरू करायचं, वाट बघायची आणि निकाल वाचायचा, अशी तीन वेगळी कामं म्हणून लिहावं. वाट किती बघायची हे आपण ठरवलं नाही तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ठरवतो, आणि कर्नलला आपल्या वापरकर्त्याची घाई ठाऊक नसते.

पुढचं सगळं क्लायंटच्या बाजूचं आणि लिनक्सचं आहे. फंक्शनांची आणि एररची नावं देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, मॅन्युअलमध्ये ती सहज सापडतील.

आधी तारेवर काय घडतं ते

सॉकेटचा हा सगळा संसार १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर आला. टीसीपीचं मूळ प्रमाण त्याआधीचं, आरएफसी (इंटरनेटच्या प्रमाणांचा दस्तऐवज) ७९३, सप्टेंबर १९८१ चं. २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने त्याची जागा घेतली. मधल्या चाळीस वर्षांत तीन पॅकेटांचा हँडशेक मात्र तोच राहिला: आपण सिन (जोडणीची मागणी) पाठवतो, समोरून सिन-ॲक (मागणी मान्य) येतं, आपण ॲक (पोच) देतो.

सिन पाठवल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. सिन-ॲक आलं तर जोडणी झाली. आरएसटी (नकाराचं पॅकेट) आलं तर समोरचं मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. आणि काहीच आलं नाही तर? त्रास इथेच आहे. कर्नल एक सेकंद थांबतो, सिन पुन्हा पाठवतो, मग दोन सेकंद, मग चार, असं दुप्पट करत जातो. लिनक्समध्ये अशा फेरप्रयत्नांची संख्या मुळात सहा ठेवलेली आहे. सुरुवातीपासून मोजलं तर पुन्हा पाठवण्याच्या वेळा १, ३, ७, १५, ३१ आणि ६३ व्या सेकंदाला येतात, आणि १२७ व्या सेकंदाला कर्नल हात टेकतो. अलीकडच्या कर्नलमध्ये पहिले काही फेरप्रयत्न एकेका सेकंदाने होतात, त्यामुळे हे वेळापत्रक थोडं बदललंय. वाट बघणं मात्र मिनिटांच्याच हिशेबात राहतं.

हे आकडे डोक्यात असले की डिबगिंगला फार मदत होते. एरवी दहा मिलिसेकंदात होणारी जोडणी अधूनमधून बरोबर एक सेकंद आणि वर थोडा वेळ घेत असेल, तर पहिलं सिन हरवलंय. तीन सेकंद (अलीकडच्या कर्नलमध्ये दोन) घेत असेल तर दोन हरवली. अशा वेळी आपला कोड तपासत बसू नका, नेटवर्ककडे किंवा समोरच्या सर्व्हरच्या रांगेकडे बघा.

पायरी १: नावाचा पत्ता करा

जुन्या ट्यूटोरियलमध्ये अजून गेटहोस्टबायनेम दिसतं. ते पॉझिक्स या युनिक्स-प्रमाणाच्या २००८ च्या आवृत्तीतून काढून टाकलंय आणि आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, त्याला धड जमत नाही. गेटॲडरइन्फो वापरा.

त्याला द्यायचं हिंट्सचं स्ट्रक्चर आधी मेमसेटने पूर्ण शून्य करा. मग फॅमिली एएफ_अनस्पेक ठेवा, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही पत्ते येतील. सॉकटाइप सॉक_स्ट्रीम ठेवा. हे दुसरं बरेच जण विसरतात आणि मग यादीत तोच पत्ता तीन-तीनदा का दिसतो म्हणून डोकं खाजवतात. एकदा टीसीपीसाठी, एकदा यूडीपीसाठी, एकदा रॉ सॉकेटसाठी, असा तो आलेला असतो.

पोर्टही याच फंक्शनला स्ट्रिंग म्हणून द्या. त्याचा फायदा असा की बाइट-क्रमाची झंझट आपल्या अंगावर येत नाही. पत्त्याचं स्ट्रक्चर हाताने भरणाऱ्यांना ही झंझट चांगली परिचयाची असते. ८०८० हा आकडा सोळाच्या पायात १एफ९०. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, आपला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवतो. हा क्रम जुळवणारं एचटॉन्स लावायचं राहिलं तर तारेवर ९०१एफ जातं, म्हणजे पोर्ट ३६८९५. सर्व्हर ८०८० वर व्यवस्थित चालू, ब्राउझरमधून उघडतोय, आणि आपल्या प्रोग्रॅमला मात्र नकार! अशा वेळी कोडकडे टक लावून बसण्यापेक्षा प्रोग्रॅम एसट्रेस या, कर्नलला केलेले कॉल दाखवणाऱ्या टूलखाली चालवा. कनेक्टच्या ओळीत पोर्ट स्वच्छ लिहिलेला असतो. ३६८९५ किंवा २०४८० असले आकडे दिसले की समजायचं, बाइट उलटे पडलेत. २०४८० म्हणजे उलटलेला ८०.

गेटॲडरइन्फोची एरर एररनो या नेहमीच्या एरर-व्हेरिएबलमध्ये येत नाही, परतीच्या किमतीत येते. तिचा मजकूर गाय_स्ट्रएरर देतं. एररनो वाचणारं पीएरर वापरलंत तर भलताच, बहुधा जुना संदेश छापला जाईल.

आता या पायरीतला खरा सापळा. हे फंक्शन ब्लॉक होतं, म्हणजे उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम तिथेच अडतो, आणि त्याला मुदत देण्याची सोय नाही. लिनक्सचा नेहमीचा रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधणारा भाग) एका नेमसर्व्हरसाठी पाच सेकंद थांबतो आणि दोन फेऱ्या करतो. नेमसर्व्हर दोन असतील आणि दोन्ही मुके झाले असतील, तर वीस सेकंद इथेच गेले. कनेक्टला तीन सेकंदांची कडक मुदत लावून या वीस सेकंदांकडे दुर्लक्ष केलेले कितीतरी प्रोग्रॅम आहेत. साधा उपाय म्हणजे नाव शोधण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर टाकणं. सी-एरेससारखी लायब्ररी वापरणं हा दुसरा. पत्ता आकड्यातच असेल तर एआय_न्यूमेरिकहोस्ट लावा, म्हणजे डीएनएसकडे जाणंच टळेल.

पायरी २: सॉकेट उघडा, पण दोन झेंडे लावून

सॉकेट फंक्शनला फॅमिली, टाइप आणि प्रोटोकॉल यादीतल्या नोंदीतूनच द्या, स्वतः लिहू नका. टाइपबरोबर सॉक_नॉनब्लॉक आणि सॉक_क्लोएक्झेक हे दोन झेंडे जोडा. २.६.२७ पासूनच्या कर्नलमध्ये ही सोय आहे.

पहिल्या झेंड्यामुळे सॉकेट ब्लॉक होत नाही. दुसऱ्याचं महत्त्व उशिरा कळतं. प्रोग्रॅमने फोर्क करून दुसरा प्रोग्रॅम चालवला, तर हा झेंडा नसलेलं डिस्क्रिप्टर (सॉकेटचा क्रमांक) त्या पोराकडे, म्हणजे नव्या प्रोसेसकडेही जातं. मग आपण जोडणी बंद केली तरी ती बंद होत नाही, कारण पोराच्या हातात एक प्रत शिल्लक असते, आणि समोरचा सर्व्हर शेवटच्या फिनची (जोडणी संपल्याच्या पॅकेटची) वाट बघत राहतो. हा झेंडा नंतर एफसीएनटीएल या फंक्शनने लावता येतो, पण थ्रेड असतील तर मधल्या फटीत फोर्क होऊ शकतो. म्हणून जन्मतःच लावा.

पायरी ३: कनेक्ट सुरू करा

नॉनब्लॉकिंग सॉकेटवर कनेक्ट बोलावलं की बहुतेक वेळा उणे एक येतो आणि एररनोमध्ये ई-इनप्रोग्रेस असतं. ही एरर नव्हे, सिन निघाल्याची पावती आहे. शून्य आलं तर जोडणी तिथल्या तिथे झाली. टीसीपीवर हे क्वचित, युनिक्स डोमेन सॉकेटवर नेहमीचं. दोन्ही शक्यता कोडमध्ये हव्यात.

ई-इंटर आलं तर? म्हणजे मध्येच सिग्नल आला. रीड आणि राइटच्या सवयीने लोक इथे लूप लावून पुन्हा कनेक्ट बोलावतात. तसं करू नका. पॉझिक्सच्या नियमाप्रमाणे सिग्नल आला तरी जोडणीचं काम मागे चालूच राहतं, आणि दुसऱ्यांदा बोलावल्यावर ‘आधीच चालू आहे’ अशी एरर मिळू शकते. ई-इंटरला ई-इनप्रोग्रेससारखंच वागवा आणि थेट पुढच्या पायरीवर जा.

बाकी कुठलीही एरर आली तर हा पत्ता बाद. सॉकेट क्लोज करा, यादीतला पुढचा पत्ता घ्या. फसलेलं सॉकेट पुन्हा कनेक्टसाठी वापरायचा मोह टाळा. त्याची अवस्था काय असेल याची पॉझिक्स हमी देत नाही.

पायरी ४: वाट बघा, घड्याळ लावून

सॉकेट तयार होईपर्यंत वाट बघणारी दोन फंक्शनं आहेत, पोल आणि सिलेक्ट. इथे पोल वापरा, सिलेक्ट नको. सिलेक्टचा संच १०२४ डिस्क्रिप्टरपर्यंतच असतो. डिस्क्रिप्टरचा क्रमांक त्यापुढे गेला की एफडी_सेट भलत्या मेमरीत लिहितं, आणि क्रॅश झालाच तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी फंक्शनमध्ये होतो. आज हजारो जोडण्या धरणारे प्रोग्रॅम सर्रास असतात, तेव्हा ही जोखीम घ्यायचं कारण नाही.

पोलला आपलं डिस्क्रिप्टर आणि पोलआउट (‘लिहिता येईल का’ ही विचारणा) द्या. मुदत मात्र सरळ ‘३००० मिलिसेकंद’ अशी देऊ नका. सिग्नल आला तर पोलही ई-इंटरने परततं, आणि दर वेळी पुन्हा तीन हजार दिले तर मुदत कधी संपायचीच नाही. सुरुवातीलाच क्लॉक_मोनोटॉनिक या कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळावरून ‘अमुक वेळेपर्यंत’ अशी अंतिम वेळ काढून ठेवा आणि प्रत्येक पोलआधी उरलेला वेळ मोजा. साधं घड्याळ नको, कारण वेळ जुळवणारा एनटीपी ते मागेपुढे सरकवू शकतो.

पोलने शून्य दिलं तर मुदत संपली. सॉकेट बंद करा, आपल्या बाजूने टाइमआउट जाहीर करा.

पोलआउट मिळालं, म्हणजे जमलं? नाही! या संपूर्ण लेखात एकच परिच्छेद वाचायचा असेल तर तो हा. जोडणी फसली तरी सॉकेट ‘लिहिता येईल’ असंच दिसतं. लिनक्सवर त्याबरोबर पोलएरर आणि पोलहपही येतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. गेटसॉकऑप्टने एसओ_एरर वाचा. शून्य असेल तरच जोडणी झाली. शून्य नसेल तर तीच खरी एरर, एररनोमध्ये येते त्याच आकड्यांत. ही किंमत एकदा वाचली की पुसली जाते, तेव्हा ती व्हेरिएबलमध्ये ठेवा; लॉगसाठी दुसऱ्यांदा वाचायला गेलात तर शून्य हाती येईल.

पुढचा कोड ब्लॉकिंग पद्धतीचा असेल तर आता एफसीएनटीएलने ओ_नॉनब्लॉक काढून टाका.

पायरी ५: एक पत्ता फसला तर पुढचा

लोकलहोस्टचंच उदाहरण घ्या. गेटॲडरइन्फो बहुतेक मशीनवर आधी आयपीव्ही६ चा लूपबॅक (स्वतःच्याच मशीनचा) पत्ता देतो, मग १२७.०.०.१. तुमचा सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असेल तर एसट्रेसमध्ये आधी एक नकार दिसेल आणि लगेच दुसरी जोडणी यशस्वी. हे योग्यच चाललंय. फक्त पहिलाच पत्ता वापरून थांबणारा प्रोग्रॅम मात्र इथे ‘सर्व्हर बंद आहे’ म्हणून ओरडतो.

नकार लगेच येतो, म्हणून एकामागून एक पत्ते बघणं परवडतं. मौन परवडत नाही. आयपीव्ही६ चा रस्ता मध्येच तुटलेला असेल, तर प्रत्येक मुक्या पत्त्यामागे तुमची पूर्ण मुदत जळते. जिओच्या नेटवर्कमुळे भारतात मोबाइलवर आयपीव्ही६ सर्रास आहे, आणि त्याच वेळी जुन्या राउटरवर चालणारी कितीतरी ऑफिसं अजून आयपीव्ही४ वरच आहेत. तोच लॅपटॉप सकाळी एका जगात आणि दुपारी दुसऱ्या जगात असतो. म्हणून दोन्ही रस्ते गृहीत धरूनच कोड लिहावा लागतो.

यावरचा उपाय हॅपी आयबॉल्स या मजेशीर नावाने प्रसिद्ध आहे. सध्याचं रूप आरएफसी ८३०५, २०१७ चं. पहिल्या पत्त्यावर कनेक्ट सुरू करायचं. २५० मिलिसेकंदात निकाल लागला नाही तर ते तसंच चालू ठेवून दुसऱ्या पत्त्यावर दुसरं सॉकेट सुरू करायचं, पत्ते आयपीव्ही६ आणि आयपीव्ही४ असे आलटून पालटून घ्यायचे. जे आधी जुळेल ते ठेवायचं, बाकीची बंद करायची. पायरी ४ नीट लिहिली असेल तर हे अवघड नाही. पोलला एका डिस्क्रिप्टरऐवजी अ‍ॅरे द्यायचा, आणि वाट बघायची ती २५० मिलिसेकंद किंवा एकूण मुदतीतला उरलेला वेळ, जे कमी असेल तितकी. छोट्या अंतर्गत टूलला एवढा खटाटोप करायची गरज नाही. लोकांच्या फोनवर जाणार असेल तर जरूर करा.

एररचं नाव वाचा

‘कनेक्ट फेल’ एवढंच लॉग करणारा प्रोग्रॅम रात्री दोन वाजता कुणाच्या तरी शिव्या खातो. कारण प्रत्येक एररचं बोट वेगळ्या जागी असतं.

ई-कॉनरिफ्यूज्ड म्हणजे पॅकेट पोचलं आणि नकार आला. सर्व्हिस बंद आहे, पोर्ट चुकलाय किंवा ती फक्त लूपबॅकवर ऐकतेय. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलचा रिजेक्ट नियमही मुळात हीच एरर देतो. ड्रॉप नियम मात्र मौन देतो, त्याचं पुढे ई-टाइम्डआउट होतं किंवा तुमची स्वतःची मुदत संपते.

ई-होस्टअनरीच फसवं आहे. त्याचा छापील मजकूर ‘होस्टकडे रस्ता नाही’ अशा अर्थाचा, म्हणून लोक राउटिंग टेबल उपसतात. त्याच लॅनवरचं मशीन बंद असेल तर एआरपीला (लॅनवर पत्त्याचं मशीन शोधणाऱ्या प्रोटोकॉलला) उत्तर मिळत नाही आणि साधारण तीन सेकंदांनी ही एरर येते. पण पिंग चालतंय आणि तरी ही एरर लगेच येतेय, तर समोरचा फायरवॉल ‘मनाई’चा आयसीएमपी (नेटवर्कच्या अडचणी कळवणारा) संदेश पाठवतोय. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर हे हमखास दिसतं. राउटिंग सोडा, तिकडे पोर्ट उघडा.

ई-नेटअनरीच बहुधा आपल्याच मशीनवरून, लगेच येतं. आयपीव्ही६ चा रस्ताच नसताना आयपीव्ही६ पत्ता वापरला की हेच.

ई-ॲडरनॉटअव्हेल बघितलं की आधी शंका घ्यायची ती पोर्ट संपल्याची. जोडणी उघडताना कर्नल आपल्या बाजूला एक तात्पुरता पोर्ट देतो, मुळात ३२७६८ ते ६०९९९ मधला, म्हणजे २८,२३२ पोर्ट. समोरच्याच्या आधी आपण बंद केलेली जोडणी ६० सेकंद टाइम-वेट या अवस्थेत पोर्ट अडवून पडून राहते. एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे सेकंदाला ४७० पेक्षा जास्त जोडण्या उघडून-मिटून करत राहिलात तर मिनिटभरात कोटा संपतो. पोर्टची मर्यादा वाढवणं ही मलमपट्टी. जोडण्या जपून पुन्हा वापरणं हाच इलाज.

जुळलं, म्हणजे कुणाशी?

एसओ_एरर शून्य आलं. पण समोरच्या प्रोग्रॅमने ॲक्सेप्ट बोलावून जोडणी हाती घेतलीय, असं यातून सिद्ध होत नाही. हँडशेक समोरचा कर्नल करतो आणि जोडणी रांगेत ठेवतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वहीत नाव लिहून आत सोडलं, म्हणून चौथ्या मजल्यावर दार उघडेलच असं नाही. सर्व्हर पूर्ण अडकलेला असला तरी कनेक्ट मजेत यशस्वी होतं. म्हणून ‘पोर्ट उघडतोय’ ही आरोग्य तपासणी मला कधीच पटली नाही. एखादी खरी विनंती पाठवून उत्तर येतंय का ते बघावं, आणि पहिल्या उत्तराला वेगळी मुदत लावावी.

ही रांग भरली की लिनक्स नवीन सिन गुपचूप टाकून देतो, म्हणून क्लायंटला ते नेटवर्क बिघडल्यासारखं वाटतं. वर सांगितलेला एक आणि तीन सेकंदांचा उशीर बऱ्याचदा इथून येतो.

जोडणी झाल्यावरची चार कामं पटकन सांगतो. सेंडला एमएसजी_नोसिग्नल द्या, नाहीतर समोरच्याने जोडणी तोडल्यावर सिगपाइप हा सिग्नल येऊन अख्खा प्रोग्रॅम मरतो. सेंडने किती बाइट घेतले ते मोजा, सगळे घेतले असं धरू नका. छोट्या छोट्या विनंत्या असतील तर टीसीपी_नोडिले लावा, म्हणजे त्या थांबवून न ठेवता लगेच जातील. आणि गप्प जोडणीची चौकशी करणारं कीपअलाइव्ह नुसतं चालू करून निर्धास्त होऊ नका. त्याची पहिली चौकशी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते.

मोडून बघा

हे सगळं खरंच चालतं का, ते तपासायला दूरचा सर्व्हर लागत नाही. नकारासाठी १२७.०.०.१ वरचा बंद पोर्ट पुरतो. मौनासाठी १९२.०.२.१ वापरा. तो गट आरएफसी ५७३७ ने उदाहरणांसाठी राखलेला आहे, तिथे कुणी राहत नाही. मात्र काही राउटर मौन न पाळता उलट आयसीएमपी पाठवतात. रूटचे अधिकार असतील तर लूपबॅकवर त्या पोर्टसाठी ड्रॉप नियम टाकणं जास्त खात्रीचं.

रूट नसताना करायचा माझा आवडता प्रयोग असा. छोटा सर्व्हर लिहा, लिसनला बॅकलॉग (रांगेची लांबी) १ द्या आणि ॲक्सेप्ट कधीच बोलावू नका. पहिल्या दोन जोडण्या खुशाल जुळतील, कारण लिनक्स दिलेल्या आकड्यापेक्षा एक जास्त ठेवून घेतो. तिसरी सिन-सेंट (सिन गेलं, उत्तर नाही) या अवस्थेत लटकेल. दुसऱ्या टर्मिनलवर जोडण्यांची यादी देणारं एसएस चालवून ती बघा. तुमची तीन सेकंदांची मुदत इथे बरोबर तीन सेकंदांना तुटली पाहिजे. वाट बघताना प्रोग्रॅमला दर अर्ध्या सेकंदाला सिग्नल पाठवा, तरीही तीनच सेकंद लागले पाहिजेत.

आणखी एक विचित्र प्रकार लक्षात ठेवा. लोकलहोस्टवर ५०००० सारख्या, तात्पुरत्या पोर्टांच्या टापूतल्या बंद पोर्टवर लूप लावून कनेक्ट करत राहिलात, तर कधीतरी जोडणी यशस्वी होते, आणि सर्व्हर तर चालूच नसतो! कर्नलने आपल्या बाजूचा तात्पुरता पोर्टही ५०००० दिला, आपलं सिन आपल्यालाच मिळालं, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उघडण्याची जी तरतूद टीसीपीत पहिल्यापासून आहे तिच्याप्रमाणे सॉकेट स्वतःशीच जोडलं गेलं. वर खरा सर्व्हर सुरू करायला गेलात तर त्याला पोर्ट अडलेला दिसतो. सर्व्हर उठेपर्यंत प्रयत्न करत राहणाऱ्या कोडमध्ये गेटसॉकनेम (आपला पत्ता) आणि गेटपीअरनेम (समोरचा पत्ता) यांची उत्तरं ताडून बघा. पत्ता आणि पोर्ट दोन्ही सारखे निघाले तर सॉकेट बंद करा. आणि सर्व्हरचा कायमचा पोर्ट ३२७६८ च्या खालचाच निवडा.